फाइलच्या शेपटीचं नाव

वजनकाटे दुरुस्त करणारे अण्णा काट्यातल्या चिपमधला प्रोग्राम फाइल म्हणून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे, स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टनं, म्हणजे छोट्याशा आज्ञावलीनं, हवे तेवढे आकडे बदलायचे आणि फाइल परत चिपमध्ये भरायचे. फाइलच्या शेपटीला, म्हणजे अगदी शेवटी, उरलेला फालतू मजकूर पुसणारी एक ओळही त्यांनी हौसेनं स्क्रिप्टमध्ये घातली होती.

एका दुपारी त्यांना हे काम शिकवणारे मास्तर दुकानात टपकले. काट्याचा मूळ प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला.

"काय रे गाढवा, माझं नाव आहे ना जागेवर? कंपनीनं डब्यावर घातलं नाही, म्हणून मीच फाइलच्या शेपटीला चिकटवलं होतं. दाखव बघू."

अण्णांनी फाइल उघडली. शेपटीला नुसतं एफएफ, एफएफ, म्हणजे पुसलेली रिकामी जागा. आकड्यांशेजारच्या रकान्यात तेच आकडे अक्षरं होऊन दिसतात. मास्तरांचं नाव तिथंच वाचता आलं असतं, पण तिकडे अण्णांनी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"कचरा वाटला हो, मास्तर. आत्ता परत घालतो."

"आणि दुरुस्त होऊन बाहेर गेलेले काटे?"

"तीनशेक असतील."

अण्णांनी कीबोर्ड पुढं ओढला आणि बोटं तिथंच थबकली. वीस वर्षं नुसतं 'मास्तर, मास्तर' करत आलेल्या अण्णांना त्यांचं खरं नाव ठाऊकच नव्हतं, आणि आता ते विचारायला तोंड उरलं नव्हतं.