आत्याला हवा फीडबॅक

शिवणकाम करणारी आमची आत्या मार्केटिंगच्या इंग्रजी क्लासला काय गेली, तिने घर डोक्यावर घेतलं! मशीन चालवताना प्रत्येक शिवणीला एक शब्द मोठ्याने घोकायची: ब्रँड! ऑफर! कस्टमर! शेजारी इस्त्री करणारे काका, तिचे यजमान, मिठाची गुळणी धरल्यासारखे गप्प.

आज घरातच असलेल्या तिच्या शिलाईच्या दुकानाची नवी पाटी चढली, म्हणजे तिच्या भाषेत ‘लाँच’ झालं. आत्याला आनंद मावेना.

“अहो, फीडबॅक तरी द्या! जन्मात कधी कौतुक केलं नाहीत.”

काकांनी इस्त्री उभी केली.

“मी लॉयल कस्टमर आहे,” ते म्हणाले. “दुसऱ्या दुकानाची पायरीसुद्धा चढलो नाही.”

आत्या लाजून धडाधड मशीन चालवायला लागली. सुईत दोराच नव्हता!