सगळ्यात उंच झाड

मी वर्ध्याच्या कॉलेजात जायला लागल्यापासून गल्लीतले लोक मला सगळंच विचारतात. गोळीच्या पाकिटावर काय लिहिलंय, फवारणीचं औषध किती टाकायचं, मोबाईल का अडकला. मी बी.ए.ला आहे, पण घरातली कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मला माहीत असणारच असं सगळे धरून चालतात. नाही म्हणायला मला अजून जमत नाही.

यंदा पावसाच्या सुरुवातीला देवळीच्या मैत्रिणीने कागदाच्या पुडीत कॉसमॉसचं बी दिलं. काळं, बारीक, सुईसारखं. आंजीला घरी येऊन मी ते न्हाणीच्या पाण्याजवळ, भिंतीच्या कडेला टाकलं. रोपं आली तेव्हा मला फार आनंद झाला. पानं इतकी नाजूक, कातरलेली, की वाऱ्याशिवायही हलतायत असं वाटायचं.

शेजारच्या काकूंनी कुंपणावरून पाहिलं. "काय पेरलं वं हे?"

"कॉसमॉस आहे काकू. फुलझाड."

"हे? हे तं गाजर गवत हाये. कॉलेजात जाऊन गवत पेरून राह्यली का?"

तेव्हापासून माझ्या रोपांचं नाव 'कॉलेजचं गवत' पडलं. मी हसायचे, पण मनात धाकधूक होती. गाजर गवताचीही पानं अशीच कातरलेली असतात, आणि ते गवत आईला सोसत नाही. शेतात त्याला हात लागला तरी तिचे कोपर लाल होतात, खाजवून खाजवून झोप येत नाही. म्हणून बाबा ते शेताच्या धुऱ्यावर, बांधाला दिसलं की उपटतात. आता मीच ते अंगणात वाढवत असेन तर?

बाबा उपटायला निघालेच होते. आई म्हणाली, "राहू द्या. पोरगी म्हणते तं फूलच असन."

त्यानंतर तर माझी काळजी जास्तच वाढली. मी मोबाईलवर फोटो पाहिले. सगळी पानं सारखीच वाटली. मैत्रिणीला फोटो पाठवला, तर तिचं उत्तर आलं, "झाडं आई लावते. मी फक्त फुलं तोडते, पानं कधी पाह्यलीच नाई." आईला मी तिकडे जाऊ देत नव्हते, पाणी मीच घालायचे. सगळ्यात उंच झाड वाऱ्याने वाकायचं. त्याला मी पऱ्हाटीची, कापसाच्या झाडाची, वाळकी काडी रोवून जुन्या ओढणीच्या पट्टीने बांधलं. खरं सांगायचं तर तेच माझं लाडकं होतं.

एक दिवस सकाळी बसला निघताना पाहिलं, त्याच झाडावर साबुदाण्याच्या कणीसारखे पांढरे ठिपके आले होते. गाजर गवताचं फूल कोणाला ओळखू येत नाही? बस आली म्हणून मी पळाले. दिवसभर वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही. डोळ्यांपुढे आईचे लाल कोपर होते.

संध्याकाळी घरी आले तर अंगणात आई, बाबा, काकू तिघंही उभे. हाताला पिशवी गुंडाळून बाबांनी उंच झाड उपटलं होतं, ओढणीच्या पट्टीसकट. बाकीची मात्र तशीच होती. उंच झाड होतं त्याच्या मागे, भिंतीला चिकटून, एका बारीक रोपावर केशरी फूल उमललं होतं.

"तुह्ये बाबा सगळीच उपटत होते," आई म्हणाली. "हे दिसलं म्हणून थांबले."

काकूंना हसू आवरेना. "सारी झाडं फुलाची, अन् पोरीनं बांधून ठेवलं ते गवत."

मीही हसले. मग आईला हळूच म्हटलं, "मला पक्कं माहीत नव्हतं गं."

"मले समजलं होतं. फूल म्हणाली, पण मले जवळ येऊ देत नव्हती."

"मग उपटू का नाही दिलंस?"

"फुलल्यावर समजणारच होतं नं. तोवर मी लांबून पाह्यत होती."

बाबांनी काडी तिथेच राहू दिली. मी ती थोडी सरकवून केशरी फुलाच्या रोपाला बांधली. काकूंनी तेवढ्यात कमरेची पिशवी उघडून गोळ्यांचं पाकीट माझ्यापुढे धरलं.

"जेवणाआधी का जेवल्यावर, सांगजो बरं," त्या म्हणाल्या. "पक्कं माहीत असन तरच."

मी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "यावर लिहिलेलं नाही काकू. उद्या मेडिकलवाल्याला विचारून सांगते."

"हां, विचारून येजो," म्हणत त्या बाकीच्या कळ्या पाहायला खाली वाकल्या.