रंभाआत्याची फळी

कोपरीच्या खाडीवर माझे वडील होड्या बांधायचे आणि त्यांची धाकटी बहीण रंभाआत्या त्यांच्या बरोबरीने रंधा मारायची. नाव मात्र एकट्या वडिलांचं व्हायचं, याचा मला अजून राग येतो.

अठ्ठ्याऐंशी साली अर्नाळ्याच्या एका लग्नात आत्याने तिथली माणसं मोडक्या दारावर पालथी पडून लाटेबरोबर किनाऱ्याला येताना पाहिली. परतल्यावर तिने जुन्या होडीच्या लाकडातून स्वतःसाठी फळी घडवली. आमच्या घरात कण्याशिवाय, म्हणजे तळाला मधोमध खाली निघालेल्या लांब लाकडाशिवाय, काहीच पाण्यात उतरत नसे, म्हणून फळीच्या तळालाही तिने होडीसारखा कणा ठोकला. पुढच्या उन्हाळ्यात अर्नाळ्याला तो कणा उथळ पाण्यात वाळूत रुतला आणि आत्या तोंडावर आपटली. आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा.

घरी येऊन तिने पटाशीने कणा उडवला. वडील भडकले, "कण्याशिवाय काय डोंबल चालणार?"

"दादा, होडीत आपण बसतो. हिच्यावर मी झोपणार आहे."

मग फळीचं पुढचं टोक भिजवून, जाळावर शेकून तिने वर वाकवलं.

त्यानंतरच्या मे महिन्यात पन्नाशीची आत्या काष्टा घट्ट खोचून पुन्हा पाण्यात शिरली. लाट फुटायला आली तशी ती फळीवर पालथी पडली. फळी जी सुटली, ती फेसावरून सरळ वडिलांच्या पायांपर्यंत आली! आत्या नाक शिंकरत उठली.

वडिलांनी फळी उलटून तिच्या सपाट तळावरून हात फिरवला. मग चष्मा माझ्या हातात देऊन ते ओल्या वाळूत पालथे झोपले.

"घे," आत्याला म्हणाले, "माझं माप घे."