भारीट नांदगावला उतरतो

कंडक्टरकाकांना पक्ष्यांची अख्खी यादी तोंडपाठ होती. पण उभं राहून, एका हातानं बसमधली वरची दांडी धरल्यासारखं केल्याशिवाय ती त्यांना आठवत नसे.

एसटीतून निवृत्त झाल्यावर ते गंगापूर रोडवरच्या आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटात आले आणि वर्षभरात रविवारच्या फेरीचे पुढारी झाले. पक्ष्यांची यादी अ-आ-इ-ईप्रमाणे नसते, भाऊबंद शेजारी-शेजारी असतात. हा क्रम नवख्याला रडवतो, मलाही रडवलं. काका म्हणाले, "ताई, पाठ कशाला करता? गाडीत बसवा." जन्मभर केलेल्या नाशिक-नांदगाव गाडीत त्यांनी सगळी घराणी बसवली होती. बगळे-बदकं नाशिकला, गरुड-ससाणे ओझरला, पोपट चांदवडला, चिमण्या मनमाडला. यादीतलं शेवटचं घराणं भारीटाचं, ज्वारीवर उतरणारा हा हिवाळी पाहुणा नांदगावला. आठवड्यात मला यादी यायला लागली.

शिस्तही गाडीतलीच. एकदा झुडूप नुसतं हललं म्हणून मी यादीत शिंजीर पक्ष्यापुढे खूण केली. काकांनी ती खोडली. "पाहिला नाय ना? मग विनातिकीट हाय. उतरवा त्याला."

मग नवी सुधारित यादी आली, आणि ती त्यांच्या हातात देण्याचा शहाणपणा मीच केला. ससाणा गरुडांची संगत सोडून पोपटांशेजारी गेला होता. बरेच जण असे हलले होते. काकांनी पानं उलटली आणि यादी परत दिली. "आपली गाडी बंद झाली म्हणायची. आता तुमीच चालवा." पुढचे दोन रविवार ते आलेच नाहीत. आम्ही धरणावर पानं चाळत बसलो, तोवर पक्षी उडून गेले. मला फार अपराधी वाटत होतं.

तिसऱ्या रविवारी काका सगळ्यांआधी हजर. नव्या यादीची झेरॉक्स मांडीवर घेऊन ते दोन आठवडे खरोखरच त्या नाशिक-नांदगाव गाडीत प्रवासी म्हणून बसले होते, थांब्याथांब्यावर एकेक घराणं नव्यानं चढवत. "ससाणा चांदवडला नेला. लय त्रास दिला त्यानं," ते खुशीत म्हणाले. "पण भारीट नांदगावलाच हाय, ताई. शेवटचा थांबा तोच, मग मधले हलले तर हलले."

आता काका लेकीकडे नांदगावला राहतात. रविवारी त्यांची फार आठवण येते. गेल्या हिवाळ्यात न राहवून मी त्यांना फोन केला आणि त्यांच्याच गाडीत बसले. ओझरला गरुड, चांदवडला ससाणा, पोपट... माझे ओठ हलताना बघून शेजारची बाई जरा सरकून बसली. नांदगावला दार उघडलं तर समोर काका, गळ्यात दुर्बीण, एक हात दाराच्या दांडीला.

"उतरा ताई, शेवटचा थांबा. भारीट ज्वारीत बसलाय. तुमच्यासाठी थांबवून ठेवलाय."