चौथा येईपर्यंत

माझी नातवंडं मोबाइलवर युरोपातल्या मॅच बघतात आणि कुठल्या क्लबनं कुठला खेळाडू उचलला यावरून इंग्रजीत तावातावानं भांडतात. मी मध्येच म्हणतो, "आम्हालाही क्लबनं उचललं होतं, बरं का." त्यावर थोरला मान वर न करता म्हणतो, "येस बाबा, वी नो." काय डोंबल माहीत आहे त्यांना! म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. बायको म्हणते, मी बढाया मारतो. मारतो. ज्याच्यापाशी मारण्याजोगी आहे त्यानं मारावी.

आम्ही चौघे मुंबईतल्या एकाच कॉलेजचे. घरं रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतली, गावं चौघांची चार, पण फुटबॉलनं आमची मोट बांधली ती कायमची. एका साली तर आम्ही चौघंही युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये होतो. अकरात चार एकाच कॉलेजचे, आणि तेही कोकणातले मुसलमान! बाकीच्या कॉलेजांच्या पोटात दुखायचं, आणि ते दुखावं अशीच आमची इच्छा असायची. मैदानावरच्या जागेच्या नावानंच आम्ही एकमेकांना हाका मारत असू. वयानं सगळ्यात मोठा तो गोली. त्याला आम्ही भाय म्हणायचो. पुढे उंचापुरा सेंटर. उजव्या कडेनं पळणारा मी, राइट आउट. आणि मागे डावीकडे, कमी बोलणारा, खाली मान घालून चालणारा लेफ्ट हाफ.

कतारला पहिला आला तो भाय. बोटीनं आला आणि बंदरावरच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटला. कोकणी माणूस परदेशात गेला की मागोमाग त्याचा गाव येतो अशी रीत. ह्या बहाद्दरानं गावाऐवजी फुटबॉलची टीम आणली. आधी सेंटरला तेल कंपनीच्या स्टोअरमध्ये लावलं, मग मला एका व्यापाऱ्याकडे टायपिस्ट म्हणून, आणि शेवटी लेफ्ट हाफला रस्ते बांधणाऱ्या कंत्राटदाराकडे. दोह्यात एका चिंचोळ्या गल्लीत आमची एकच खोली होती. तिथे आम्ही राहायचो, रांधायचो आणि कॉलेजच्या जुन्या मॅच पुन्हा पुन्हा खेळायचो, तोंडानं.

मी सांगतोय ती गोष्ट एकोणीसशे साठच्या दशकाच्या सुरुवातीची. लेफ्ट हाफच्या कंत्राटदाराचं काम संपत आलं होतं. काम खलास की माणूसही खलास, पुढच्या बोटीनं मुंबई. त्याच्या घरी म्हातारे आईबाप, लग्नाच्या वयाच्या बहिणी आणि वर्षभरापूर्वी लग्न करून आणलेली बायको. मुंबईत बी.ए.चा कागद हातात घेऊन वणवण करून झाल्यावरच तो इकडे आला होता. परत जाणं म्हणजे पुन्हा तीच वणवण. त्याची ट्रंक खाटेखालून बाहेर येऊन भिंतीशी उभी राहिली होती आणि तिच्याकडे बघून आम्हाला जेवण गोड लागत नव्हतं.

त्याच सुमाराला गावात बोलवा उठली की दोह्यातले क्लब आता रीतसर लीग खेळणार. करारबिरार असले लाड तेव्हा नव्हते. क्लबच्या शेखनं तुम्हाला निवडलं की तो आपल्या पेढीत किंवा ओळखीच्या ऑफिसात नोकरी लावून द्यायचा. सकाळी टाइपरायटर, संध्याकाळी फुटबॉल. आमच्यासाठी तोच धंदेवाईक खेळ. दोन क्लब परदेशी खेळाडू निवडणार होते, एक किनाऱ्याकडचा आणि एक दोह्यालगतच्या रय्यान गावाकडचा. आम्हा तिघांच्या नोकऱ्या शाबूत होत्या, आम्हाला फक्त खेळायचं होतं. लेफ्ट हाफला मात्र ह्या देशात राहायला तेवढा एकच दरवाजा उघडा होता.

आज जिथे दोह्याच्या मदिनत खलीफा वस्तीतले बंगले आहेत, तिथे कुठेतरी ते मैदान होतं. मैदान म्हणजे वाळूच. दगड वेचून बाजूला केलेले आणि जळकं काळं तेल ओतून रेषा मारलेल्या. घसरून पडलं की गुडघा सोलून निघायचा आणि वर तेल लागायचं ते वेगळंच. कडेला तंबू, तंबूत गालिचे, आणि गालिच्यावर दोन्ही क्लबांचे शेख. असरची, म्हणजे दुपार उतरतानाची, नमाज झाल्यावर निवडीचा खेळ सुरू झाला. सुदानी होते, पॅलेस्टिनी मास्तर होते, इराणी होते. सगळ्यांची सरमिसळ करून दोन बाजू पाडल्या. एका बाजूच्यांनी दंडाला पांढरा रुमाल बांधायचा. भाय आणि लेफ्ट हाफ रुमालवाले झाले, सेंटर आणि मी बिनरुमालाचे.

आता लेफ्ट हाफचा खेळ कसा होता ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तो चेंडू कधी जवळ ठेवायचा नाही. पायात आला की एकदा मान वर करायची आणि मैदान तिरकं ओलांडून उजव्या कडेला, माझ्या पुढ्यात लांब फेकायचा. मी पळत सुटलेला असायचो, चेंडू माझ्या पावलापुढे पडायचा, मी तो आत टोलवायचो, सेंटर डोकं लावायचा. तीन वर्षं आम्ही हेच केलं. युनिव्हर्सिटीतल्या निम्म्या गोलींनी ह्याच रस्त्यानं जाळ्यातून चेंडू काढलाय.

खेळ सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. भायनं चेंडू अडवून लेफ्ट हाफकडे दिला. त्यानं मान वर केली. मी उजवीकडे पळत होतो. आणि पठ्ठ्यानं मैदानावरून तिरका असा काही चेंडू दिला, की कॉलेजात असतानाही कधी दिला नसेल. नेमका माझ्या पावलापुढे! मी तसाच आत टोलवला, सेंटर उडाला, डोकं लागलं, गोल.

आम्ही तिघे हात उंचावून एकमेकांकडे धावलो. गळ्यात पडणार, एवढ्यात लेफ्ट हाफच्या दंडावरचा रुमाल माझ्या डोळ्यांपुढे आला. तो आमच्या विरुद्ध होता. आपल्याच बाजूवर त्यानं गोल चढवला होता. गोलपोस्टमधून भाय कंबरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत होता.

मैदानभर हशा पिकला. किनाऱ्याकडचा शेख उठून उभा राहिला आणि अरबीत काहीतरी ओरडला. ते आमच्या कौतुकाचं नव्हतं एवढं कळलं. मी तो चेंडू का घेतला, असं मला पुढे पुष्कळांनी विचारलं. तसा चेंडू आल्यावर जो घेत नाही त्यानं घरी बसून पत्ते खेळावेत.

पण लेफ्ट हाफचं व्हायचं ते नुकसान झालं. रुमालवाले त्याला चेंडू देईनात. तो उरलेला वेळ नुसताच मागेपुढे पळत राहिला. खेळ संपल्यावर भायजवळ येऊन म्हणाला, "भाय, मना कायच समाजला नाय. पाय आपोआप गेला."

"गेला तो गेला. आता गप ऱ्हव," भाय म्हणाला.

निवड सुरू झाली. एकदा ह्या शेखनं बोट करायचं, एकदा त्या. ज्याच्याकडे बोट होईल त्यानं तंबूत जाऊन आपल्या शेखच्या बाजूला बसायचं. भायला किनाऱ्याकडच्या क्लबनं उचललं. सेंटरला रय्याननं. मग काही सुदानी, एक इराणी, आणि किनाऱ्याच्या शेखचं बोट माझ्याकडे वळलं. छाती अशी फुगली की शर्टाचं बटण सांभाळत आत गेलो. मागे वळून बघितलं तर लेफ्ट हाफ उरलेल्यांत उभा होता, पायानं वाळू उकरत. रय्यानच्या शेखला अजून एकच माणूस घ्यायचा होता, आणि तो विचार करत टेकून बसला होता.

तेवढ्यात कहवा आला. बिनकानाच्या इवल्याशा पेल्यात ओतलेली ती पिवळसर कॉफी, वेलचीच्या वासाची. त्या पेल्याला अरबी माणूस फिंजान म्हणतो. निवडलेल्या सगळ्यांना एकेक फिंजान मिळाला. बाकीचे प्यायले. भायनं आपला पुढ्यात ठेवला. मीही ठेवला. पलीकडे सेंटरनंही ठेवला. आम्ही काही ठरवलेलं नव्हतं. आमच्याकडे एका मोठ्या थाळ्यात चौघांनी मिळून जेवायची पद्धत. भात मध्ये, त्यावर माशाचं कालवण, आणि चौथा हात धुऊन येईपर्यंत पहिला घास कोणी उचलायचा नाही. घरात तेच, कॉलेजच्या दिवसांत तेच, दोह्याच्या खोलीत तेच. चौथा बाहेर उन्हात उभा असताना तोंडाला पेला लावायचा हे आमच्या हाताला जमेचना.

कहवा ओतणारा आपलं भांडं घेऊन तसाच थांबला. दोन्ही शेख आमच्या फिंजानांकडे बघत होते. मला वाटलं, झालं! आता ह्यांचा अपमान केला म्हणून आम्हालाही हाकलणार.

रय्यानचा शेख हलक्या आवाजात भायशी बोलला. बंदरावर राहून भायचं अरबी चांगलं झालं होतं, पण त्याचा चेहरा गोंधळलेला दिसला. त्यानं आमच्याकडे वळून सांगितलं, "तो विचारतो, तुमचं मागणं काय?"

"कसला मागणा?" सेंटर म्हणाला.

मग शेजारच्या पॅलेस्टिनी मास्तरानं भायला उलगडून सांगितलं. ह्या लोकांत पाहुण्यानं कहवा न पिता फिंजान खाली ठेवला, तर त्याच्या मनात काही मागणं आहे असं समजतात. मागणं ऐकून घेतल्याशिवाय यजमान त्याला पी म्हणत नाही. आणि मागणं नाकारून पाहुण्याला तसाच पाठवणं त्याला कमीपणाचं. आम्हाला ह्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. आम्ही आमच्या थाळ्याशी बसलो होतो आणि ते त्यांच्या तंबूत.

भाय हुशार. त्यानं चूक दुरुस्त केली नाही. उठून उभा राहिला, बाहेर बोट केलं आणि म्हणाला, "आमचा चौथा बाहेर आहे."

किनाऱ्याचा शेख हसला. "तो? जो दुश्मनाला चेंडू देतो?"

"त्यानं चेंडू कोणाला दिला ते तुम्ही बघितलंत," भाय म्हणाला. "कुठे पडला तेही आठवा."

हे वाक्य भायनं आम्हाला नंतर खोलीवर मराठीत करून सांगितलं, आणि तेव्हापासून आजवर मी ते किती जणांना ऐकवलंय त्याला गणती नाही. रय्यानचा शेख दाढीवरून हात फिरवत बसला. मग म्हणाला, "मागणं ऐकलं. पण खेळाडू मी कहव्यावर घेत नाही, पायावर घेतो. चौघं एका बाजूला या. यल्ला!"

आम्ही चौघे, जोडीला उरलेल्यांतले काही, आणि समोर निवडलेले तगडे गडी. पहिला गोल होईपर्यंत खेळायचं, इतकंच. आता सगळ्यांना आमचा रस्ता पाठ झाला होता. दोन सुदानी मला असे चिकटले की मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. सेंटरच्या भोवती तर भिंतच. बराच वेळ काही घडेना. भायनं दोन चेंडू असे अडवले की त्याचं कोपर फुटलं, आणि त्याकडे त्यानं बघितलंही नाही.

मग त्यानं चेंडू लेफ्ट हाफकडे ढकलला. त्यानं मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मी सुटलो, सुदानी सुटले, सेंटर आत धावला, भिंत त्याच्यामागे धावली. लेफ्ट हाफनं पाय उचलला. आणि चेंडू आलाच नाही. मी वळून बघतो तर हा खाली मान घालून चालणारा आमचा माणूस, डावीकडची मोकळी वाळू कापत एकटा चेंडू घेऊन निघाला होता! इतक्या वर्षांत मी त्याला चेंडू जवळ ठेवताना बघितलं नव्हतं. एकाला हुलकावणी दिली, गोली पुढे आला, त्याच्या बगलेखालून सरळ आत. अख्ख्या मैदानाबरोबर त्यानं मलाही फसवलं होतं, आणि फसवलं गेल्याचा असा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. मी वाळूत बसून ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. कॉलेजचं नाव असावं.

रय्यानचा शेख गालिच्यावरून उठला. चपला न घालता वाळूत आला आणि लेफ्ट हाफच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हा माझा." मग भायकडे वळून आणखी काही बोलला. भायनं डोळे पुसले आणि आम्हाला सांगितलं, "शनिवारपासून ह्याच्या ऑफिसात यायचा. बोटीचा नाव काढायचा नाय."

आम्ही पुन्हा तंबूत गेलो. आता बसायचं वेगवेगळं होतं. भाय आणि मी ह्या बाजूला, सेंटर आणि लेफ्ट हाफ समोर, रय्यानवाल्यांत. पुढल्या लीगमध्ये आम्ही एकमेकांविरुद्ध उभे राहणार होतो. आमचे थंड झालेले फिंजान ओतून नवा कहवा दिला गेला, आणि लेफ्ट हाफलाही एक मिळाला. पण तो प्यायला नाही. त्यानं मान वर केली आणि तंबूच्या त्या टोकावरून आमच्याकडे बघितलं, आधी भायकडे, मग माझ्याकडे. भायनं फिंजान उचलला. मी उचलला. सेंटरनं उचलला. मग चौघांनी मिळून तोंडाला लावला.