बाजार कुठं सरतो

पंचवीस वर्षं मी भूगोल शिकवला. जमीन लवकर तापते, पाणी उशिरा. म्हणून दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, हे डहाणूच्या पोरांकडून मी किती वेळा घोकून घेतलं असेल, देव जाणे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझ्या स्वतःच्या अंगणात मी काय करून ठेवलं, ते मला कुठल्याच धड्यात दिसलं नाही.

सासूबाई तलासरीकडच्या डोंगरगावातल्या, भात-नाचणी करण्यात जन्म गेलेला. काचबिंदूनं नजर गेली, पाठोपाठ सासरे गेले, तेव्हा आम्ही त्यांना डहाणूत, मसोलीच्या आमच्या घरी घेऊन आलो. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. यजमान रेल्वेत, मी शाळेत. दिवसभर त्या घरात एकट्या, म्हणून माझ्या जिवाला घोर. पण आठ दिवसांत त्यांनी घर पायांनी पाठ केलं. सारवलेली पडवी गार, जांभळाखालची माती ओलसर, तिथून पुढे तुळशीपर्यंत उन्हानं कोमट झालेली वाट. अनवाणी, काठीशिवाय जायच्या आणि तुळशीला पाणी घालून यायच्या. मी शाळेतून येईपर्यंत दोरीवरचे कपडे काढून घड्या घालून ठेवलेले असायचे.

दर गुरुवारी संध्याकाळी मी त्यांना रिक्षातून स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे न्यायची. बाजारातले पत्रे, भिंती, डांबर दिवसभर ऊन पिऊन संध्याकाळी ते बाहेर टाकत असायचे. परतताना वाण्याचं शेवटचं दुकान मागे पडलं की चिकूच्या वाड्या लागायच्या. गालाला गारवा लागला रे लागला की सासूबाई म्हणायच्या, "बाजार सरला गो बाय." एकदाही चुकल्या नाहीत.

"आई, तुम्हाला थर्मामीटर म्हणून वर्गात टांगते," मी चिडवायची.

"टांग की. पण पोरांना हात लावू देऊ नको हां!"

आणि मग मला स्लॅबचं वेड लागलं. हट्ट माझाच, उगाच कुणाच्या नावावर कशाला ढकलू? दरवर्षी कौलं चाळा, रोज पाचोळा झाडा, पावसात चिखल तुडवा. कंबर मोडायची माझी. यजमान म्हणाले, "जांभूळ तरी राहू दे. आईला सावली आहे."

"आणि झाडणार कोण? तुम्ही?"

कौलांच्या जागी स्लॅब आला. जांभूळ पडलं, अंगणभर सिमेंटचा कोबा झाला. केवढी मिरवले होते मी!

रस्त्यावरही तेच चाललं होतं. एकेक वाडी तुटत होती, तिथं दुकानं आणि इमारती उठत होत्या. आमच्या घराच्या समुद्राकडच्या अंगाला तीन मजले उभे राहिले आणि माझे ते खारे वारे तिथंच अडले. रिक्षात सासूबाईंचं "बाजार सरला" दर उन्हाळ्यात पुढे सरकत गेलं. आधी रस्त्याखालच्या नाल्याच्या मोरीपाशी आलं, मग आमच्या वळणापाशी. मला त्याची गंमत वाटायची.

घरात मात्र त्यांची वाटच हरवली. कोब्यावर सगळीकडे सारखाच चटका, पायाला एक खूण उरली नाही. तुळशीकडे म्हणून निघायच्या आणि फाटकावर आदळायच्या. एकदा पडल्या. "हाक मारायला काय होतं तुम्हाला?" मी ओरडले. तेव्हापासून त्या प्रत्येक गोष्टीला हाक मारू लागल्या. पुढे पुढे हाकाही मारीनाशा झाल्या, नुसत्या खाटेवर बसून राहायच्या.

नव्वद साल उलटल्यानंतरचा एक गुरुवार. दिवेलागणीला रिक्षा दारात थांबली, मी त्यांना हाताला धरून फाटकातून आत घेतलं. चार पावलं टाकून त्या थांबल्या.

"बाजार अजून सरला नाही गो. घर लांब आहे का?"

दिवसभर ओरडून माझा घसा बसलेला. "आई, हेच आपलं अंगण! काय डोकं फिरवता माझं?"

"असं होय," त्या म्हणाल्या. भिंतीला हात टेकवला आणि लगेच काढून घेतला.

पुढच्याच आठवड्यात धाकट्या दिरांना बोलावून घेऊन त्या गावी गेल्या. जाताना "येते हां" म्हणाल्या. आणि मला, लाज वाटते सांगायला, हलकं वाटलं.

दोन महिने झाले तरी त्या परतल्या नाहीत, तेव्हा भर मे महिन्यात मी न्यायला गेले. तलासरीला एसटीतून उतरून पुढे उन्हातून चालत. सासूबाई आंब्याखाली बसल्या होत्या. माझा आवाज ऐकताच उठल्या. काठी न घेता अंगण ओलांडलं, आत जाऊन माठातलं पाणी तांब्यात भरलं आणि एक थेंब न सांडता माझ्यासमोर आणून धरलं. मला रडूच कोसळलं.

"आई, चुकलं माझं. कोबा फोडते, झाड लावते. घरी चला."

त्यांनी माझ्या तापलेल्या गालावर हात फिरवला.

"नको गो बाय," त्या म्हणाल्या. "इथं मला दिसतं."