तणमोराचा पंचनामा

“पंचनामा करा,” साहेब म्हणाले. झाड तुटलं, बिबट्यानं गाय मारली, की आमच्या वनखात्यात जागेवरच हकीकत लिहून पंचांच्या सह्या घेतात. जिवंत पक्ष्याचा पंचनामा मी नोकरीत एकदाच केला.

सकाळपासून आम्ही आष्टीकडच्या माळावर चिखल तुडवत होतो. साहेबांना तणमोर पाहायचा होता. कोंबडीएवढा, गवतात राहणारा पक्षी. आमच्या भागात तो वर्षानुवर्षं कुणाला दिसला नव्हता. साहेबांचा तो ‘लायफर’ होता, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा दिसणारा पक्षी.

सोबत रेंजरसाहेब, ड्रायव्हर आणि वॉचर नामदेव होते. नामदेव बारा वर्षं रोजंदारीवर. त्याला कायम करण्याची फाइल साहेबांच्याच टेबलावर होती. मी वनपाल, त्याचा वरिष्ठ. आज साहेबांना खूश ठेव, असं मीच त्याला बजावलं होतं.

नऊच्या सुमारास गवतातून एक तपकिरी मान वर आली. साहेबांनी धडाधड फोटो काढले. तणमोराची मादी, म्हणाले. रेंजरसाहेबांनाही लगेच मादीच दिसली. मला लांडोरीचं पिल्लू दिसलं. मी ‘हो सर’ म्हणालो.

नामदेव म्हणाला, “साहेब, हे त लांडोरीचं पिल्लू हाये. तुरा निंगून राह्यला त्याले.”

तेवढ्यात लांडोरच बाहेर आली. मागे आणखी तीन पिल्लं, हुबेहूब तशीच. आता तरी संपलं, असं मला वाटलं.

“तणमोर लांडोरीसोबत चरतोय,” साहेब म्हणाले. “एकदम नवीन बिहेवियर आहे हे.”

मी तसंच लिहिलं. जीपच्या बॉनेटवर साहेब, रेंजर, ड्रायव्हर आणि मी, चौघांनी सह्या केल्या. पाचवी नामदेवची हवी होती. मी त्याला बाजूला घेऊन फाइलची आठवण दिली.

“तुमी करा जी सही,” तो म्हणाला. “मले गावात राहा लागते. पोट्टे हासतीन.”

नामदेवची फाइल नामंजूर होऊन परत आली. ‘पक्षी ओळखण्याचं ज्ञान अपुरं’ हा शेरा साहेबांच्या सांगण्यावरून मीच लिहून दिला होता. महिन्याभरात त्याचं कामही गेलं. तणमोर शोधल्याबद्दल साहेबांना शाल-श्रीफळ मिळालं.

मागच्या आठवड्यात नामदेवकडे गेलो. तो आता दुसऱ्याच्या संत्राबागेची राखण करतो. तो तणमोर नव्हता हे मला तेव्हाच दिसलं होतं, असं मी कबूल केलं.

“मले काऊन सांगता जी?” तो म्हणाला. “मले त माहीतच होतं. त्याईले सांगा.”

खात्याला पत्र पाठवलं आहे. उत्तर आलेलं नाही. माझी नोकरी पक्की होती, तरी खरं बोलला तो रोजंदारीवाला. पक्षी ओळखायचा असेल तर अशालाच विचारावं. फक्त विचारण्याआधी त्याच्या फाइलवर सही करून ठेवावी.